पैला हाथ किधर

आठवडाभर मी वहीत रकाने आखले.
पन्नास सीसी, सत्तर, नव्वद.
तिचं वजन चोवीस किलो, गाडीचं त्र्याऐंशी.
कॅलिब्रेशनचा माणूस मी, हमरियाच्या आवारात
दाबमापकांचे काटे शून्यावर आणून देतो.
वाटलं, हेही बसेल तसंच,
दशांश चिन्हापर्यंत.

विनया म्हणाली, सायकल तरी नीट येते का तिला?
मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता:
घ्या. पण चार चाकांचीच. आणि आधी हेल्मेट.

म्हणून आधी हेल्मेट आलं.
तीन दिवस शाल्मलीनं ते घालूनच गृहपाठ केला,
वरणभातापुरती तेवढी काच वर.

शुक्रवारी म्लेहाला गेलो, ती आणि मी.
शारजा मागं पडलं की वाळू
दूध कमी पडलेल्या चहासारखी होत जाते.
कुंपणाला मान घासणारे उंट.
फाटकाशी गाफचं झाड, सांगितलं होतं तसंच.
उम्म सुहैलनं गहवा ओतला, खजूर पुढं सरकवले,
आणि व्यवहाराचं बोलायला
मुलाला हाक मारली.

बारा वर्षांचा असेल. एकाच पायात मोजा.
गाडी लाल, म्हणजे एके काळी लाल,
मडगार्डवर ससाण्याचा स्टिकर, अर्धा खरवडलेला,
हँडलच्या रबरावर दातांच्या खुणा.
भावाच्या आहेत, तो घाईनं म्हणाला. माझ्या नाहीत.

मी वही काढली. साखळी कधी बदलली,
टायर कुठले, वेग आवळणारा स्क्रू किती फेरे आत आहे.
त्यानं सगळी उत्तरं दिली,
ड्रायव्हरकडून उचललेल्या हिंदीत,
आणि मग माझ्याशी बोलणं संपवलं.

"ये बैठेगी?"

ती बसली. त्यानं वाकून पाहिलं,
तळवे पायरीवर पुरते टेकतात का.
उभी राहा म्हणाला. राहिली,
गुडघे किंचित वाकवून, कुणी न सांगता.
लाल दोरीचं एक टोक त्यानं बंद करायच्या बटणात अडकवलं,
दुसरं तिच्या मनगटाला.
मग दोन पावलं मागं सरून, हाताची घडी घालून:

"पैला हाथ किधर?"

मला उत्तर येत होतं.
वहीच्या चौथ्या पानावर होतं, अधोरेखित.
तिचा उजवा अंगठा थ्रॉटलच्या पट्टीवर होता, मी पाहिलं,
दाबलेला नाही, नुसता टेकलेला,
झोपलेल्या मांजराच्या पाठीवर टेकवावा तसा.
मी खोकलोसुद्धा असेन.

डावा हात पुढं गेला. बोटं उलगडली,
ब्रेकचा दांडा मुठीत आला,
आणि मगच अंगठा उचलला तिनं,
जरा नाइलाजानं.

सुहैलनं मान हलवली. म्हणाला, मागच्या जुम्म्याला
एक जण दुप्पट देत होता.
त्याच्या पोरानं बसल्या बसल्या रेस दाबली.
"मैंने बोला, गाडी खराब है।"

घासाघीस करायचं मी घरून ठरवून निघालो होतो.
दीड हजार दिरहम मोजून दिले, एकदम.

पिकअपवर दोरखंड आवळताना तो आला, दुसऱ्या पायातही मोजा घालून,
सीट उचलून चौकटीवरचे ओरखडे दाखवले तिला.
खिळ्यानं ओढलेल्या चार रेघा.
दर वाढदिवसाला स्क्रू एक फेरा सैल.
"जास्ती नहीं," हे तिला.
मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देताना
मलाही तेच.

परतताना ती झोपली, हेल्मेट मांडीवर.
मनगटाला लाल दोरी तशीच.

रात्री उशिरा विनया खाली पार्किंगमध्ये गेली.
बराच वेळ आली नाही म्हणून बघायला उतरलो.
खांबाआड, गुडघे हनुवटीला लागेपर्यंत दुमडून
बसली होती त्या एवढ्याशा गाडीवर,
ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत.

इंजिन बंदच होतं.