सरासरी

डॉक्टर भदौरिया विचारते,
"मोघेजी, शून्य से दस में कितना?"
वयानं माझ्या धाकट्या भाचीएवढी,
पेनाचं टोपण दातांत.

एकतीस वर्षं मीही हेच विचारत हिंडलो,
लष्कर, मुरार, हजिऱ्याची गिरणी क्वार्टरं,
जिन्याखालच्या कोळिष्टकांत विजेरी मारत:
किती झालं?
तिथे काच होती, काचेमागे काटा.
इथे काटा आत मोडलाय.

"सात," म्हणतो.
आठ म्हटलं तर ओरडल्यासारखं होईल.
सहा म्हटलं तर बाहेर बाकावर बसलेल्या शैलजाची
अकरा महिन्यांची जागरणं खोटी पडतील.

नागीण आली ती डाव्या बरगडीवरून
वळसा घेत पाठीकडे.
पागेदारकाकू म्हणाल्या, तोंड-शेपूट जुळू देऊ नका.
नाही जुळलं. फोड वाळले, खपल्या पडल्या,
गेली एकदाची, म्हणाले सगळे.
पडली ती कात.
ती आतच आहे.

ग्वाल्हेरचा मे, सेहेचाळीस अंश,
आणि मी पंखा बंद करून बसतो.
वारा भाजतो.
सदऱ्याची शिवण घासली की कळ थेट बेंबीपर्यंत.
म्हणून शैलजानं माझे सदरे उलटे केले, शिवणी बाहेर.
गल्लीत बोलतात,
मोघेकाका हल्ली विसरायला लागले.

सुई देताना तिनं पडदा माझ्याकडे वळवला,
काळ्यात पांढरे ढग, त्या म्हणे माझ्या बरगड्या.
"वो देखिए, बस उसके नीचे."
मला काही दिसलं नाही.
आकडे नसलेलं मला वाचता येत नाही.

त्या रात्री वरणाची वाटी पुढे करताना
शैलजाचं कोपर डाव्या कुशीला लागलं.
दोघंही थांबलो.
"लागलं?"
"लागलं. पण लागलं नाही."
वरण निवेपर्यंत तिनं कोपर तिथून काढलं नाही.

एकोणीस दिवस.
विसाव्या पहाटे परत तीच भगभग,
जरा दमलेली, माझ्यासारखी.
डॉक्टर म्हणाली, "पूरा शायद न जाए.
साथ रहना आसान कर देंगे."
आणि एक वही दिली, दिवसातून तीनदा आकडा लिहायला.

महिन्यानं तिनं वही चाळली.
सहा, सहा, सहा,
एकाखाली एक, आमच्या खात्याच्या वळणदार अक्षरात.
"रोज़ छह? तीनों टाइम?"

मग सांगावं लागलं.
घराला कुलूप असलं, माणसं गावाला गेलेली असली,
की आम्ही मीटरपाशी जायचोच नाही,
मागच्या महिन्यांची सरासरी टाकायचो.

ती हसली नाही.
"यानी घर बंद था."
"हो," मी म्हटलं. मराठीतच.

तिनं आकड्यांच्या रकान्यांवर आडवी रेघ मारली.
"क्या किया, वो लिखिए. अपनी भाषा में.
मैं किसी से पढ़वा लूँगी."
बाहेर बाकावर गुडघेवाले तोमर ड्रायव्हर
आणि काळा चष्मा लावलेली एक मुलगी
दिवा मालवा म्हणून नर्सशी भांडत होती.
तोमर तिच्या बाजूनं.

मंगळवार: पंखा एकवर. वीस मिनिटं.
बुधवार: नाही जमलं. दुपारी रडलो, हे लिहायचं का?
गुरुवार: पाटणकर बाजारापर्यंत चालत. येताना रिक्षा.
    शैलजासाठी पडवळ. तिला पडवळ आवडत नाही, हे आज कळलं.
    लग्नाला अडतीस वर्षं.
शुक्रवार: गोळीनं तोंड कोरडं. झोप पाच तास.
शनिवार: सदरा सुलटा घातला, जेवणापुरता.

रविवारी काही लिहिलं नाही.
घर बंद नव्हतं.