मोजणी

नान्नजच्या माळावर रुजू झाले तेव्हा
माझ्याकडे शिट्टी होती, नवे बूट होते
आणि हजेरीवर सही करायचा अधिकार.
दस्तगीरमामांकडे कडुलिंबाचा डहाळा.
रोजंदारीवरचे वनमजूर, एकवीस उन्हाळे.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"गड्डम मॅडम, आग नंतर बगा. आधी माणसं मोजा."

फेब्रुवारीत जाळरेषा काढल्या.
पहाटे, दव असताना,
आपल्याच हातानं गवताची एक पट्टी जाळायची,
पुढे येणाऱ्या आगीला उपाशी ठेवायला.
मामा सांगत काहीच नसत. विचारत.
"वारं कुठनं?"
मी ओलं बोट वर धरायची. "कारंब्याकडनं."
"आन् घटकाभरानं?"
ते मला कुठून ठाऊक?
"मग असं उभं ऱ्हावा
की ठाऊक नसलं तरी चालंल."

मार्चमध्ये, दुपारी पावणेतीनला,
कुणाचा तरी पेटवलेला बांध हाताबाहेर गेला.
वाळलेलं पवन्या गवत पेटताना
नवं कापड फाडल्यासारखा आवाज करतं.
हे मला कळायला वेळ लागला नाही.
मी पूर्वभागातली, यंत्रमागांच्या गल्लीतली,
तिथं जेवायलासुद्धा ओरडून बोलावतात.
मी ओरडले.
पुढच्या टेकाडाखाली खोकडाची बिळं होती, पिल्लं होती.
यल्लप्पा आणि भीमाशा, दोघांना आगीच्या तोंडापुढे धाडलं.

"मला हे पटत न्हाई," मामा म्हणाले.
सगळ्यांसमोर.
डहाळा खाली टेकवून.

माझा कान तापला, तो उन्हानं नाही.
मग बोट ओलं करायचीही गरज उरली नाही;
धूर माझ्याच अंगावर वळला होता.
शिट्टी. पुन्हा शिट्टी.
जाळलेल्या पट्टीत या, काळ्यात या!
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
सहा.
पुन्हा सहा.
सातवा यल्लप्पा पाठीवरचा पंप भरायला
जीपमागं गेला होता, न सांगता.
तेवढ्या वेळात मी त्याच्या बायकोला
काय सांगायचं ते ठरवून झालं होतं.

टेकाड जळालं. बिळांचं नक्की कळलं नाही.

संध्याकाळी काळ्या जमिनीवर गोल करून बसलो.
भाकरी, शेंगाचटणी, तोंडात राख.
मामा म्हणाले, "काय चुकलं ते बोला. ल्हान्यापास्नं.
मोठा आधी बोलला की ल्हान्याचं त्वांड मिटतंय."
भीमाशा, एकोणीस वर्षांचा,
बराच वेळ कुसळं उपटत राहिला पायजम्यातली.
"मॅडम, तुमी काय वरडला
ते मला कायच कळालं न्हाई.
तुमी वरडला म्हनून मी पळालो, एवडंच."

हे मी वहीत लिहिलं.
रेंज ऑफिसच्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

यंदा मामांचे गुडघे जीपमध्येच बसतात.
जाळरेषेवर हुकूम भीमाशाचा.
मी ठरवून बाजूला,
डहाळा हातात, शिट्टी त्याच्या गळ्यात.
त्यानं दोघांना चुकीच्या कडेला उभं केलं.
मला दिसलं. जीभ दाताखाली धरली.
दव होतं, ज्योत पोटरीएवढी, पट्टी रुंद;
एवढ्या चुकीला जागा होती.
ओरडणं माझ्या रक्तात आहे;
गप्प बसायला मी पगारी नोकरीत शिकले.
जीपमधून मामा बघत होते,
माझ्याकडे, आगीकडे नाही.

वारं किंचित कुशीवर वळलं.
भीमाशानं आपणच बोट ओलं केलं,
त्या दोघांना हाक मारून अलीकडे घेतलं,
हळू आवाजात, नाव घेऊन.
मग मोजायला लागला.
चार, पाच, सहा.
बोट माझ्यापाशी येऊन अडलं.

"मॅडम, तुमी जरा मागं सरका."

सरकले.