निळा डाग

सोमवारी हँगरचं दार सरकवलं तेव्हा
पुढच्या चाकामागे, सिमेंटवर
बशीएवढा निळा डाग.
या पेट्रोलला मुद्दाम रंग देतात, ओळख पटावी म्हणून.
मधोमध अजून ओला होता.

काजितान अंकल वाकले नाहीत,
गुडघे वाकत नाहीत आता त्यांचे.
म्हणाले, हुंगून बघ गो.
मी हुंगलं, आणि गेल्या गुरुवारची सही आठवली.
"गळती आढळली नाही."
खाली माझं नाव, घाईत काढलेलं,
शेवटच्या अक्षराला शेपूट फुटलेलं.

मालक डॉक्टर कुडचडकर, मडगावात दात काढतात.
फोनवर म्हणाले, वॉशर-बिशर असेल, बदला,
चारला निघायचंय.
लोकांची कीड शोधताना
त्यांना एवढी घाई नसते.

काऊलिंग उतरवलं. सगळं पुसून काढलं, नळ्या, सांधे,
नटांच्या खाचासुद्धा.
ओलं कुठं आहे ते शोधू नको, अंकल म्हणाले,
कोरडं कुठवर आहे ते बघ.

चावी बंद: काही नाही.
चावी उघडी: मी घड्याळ धरून उकिडवी बसले.
चाळिसाव्या सेकंदाला हवेच्या पेटीतून एक थेंब.
पुन्हा चाळीस. पुन्हा एक.
प्रायमरची नळी कोरडी.
नट अर्धा आटा फिरला, तोही कोरडा.
गॅस्केटच्या कडेनं खडू फासला,
खडू पांढराच राहिला.
दाबोळीवरून नौदलाचं काहीतरी उडालं,
पत्रे थरथरले,
आणि आम्ही मोजणी चुकलो.

कार्ब्युरेटर बाकावर आला.
चार स्क्रू, वाकवलेल्या कुलूपपट्ट्या.
सुई भिंगाखाली फिरवली: टोक चकचकीत,
बैठक स्वच्छ, कचऱ्याचा कणही नाही.
इथं मला रडू यायला हवं होतं.
मला भूक लागली.
अंकलनी डब्यातलं सान्न हातावर ठेवलं,
ते पेट्रोलच्या वासासकट खाल्लं.

मग पितळी फ्लोट उचलला.
काय वाटलं कोण जाणे, कानाशी धरून हलवला,
नारळ घेताना आई हलवते तसा.
आत काहीतरी वाजलं.

नारळ वाजला असता तर आई घेऊन आली असती.

अंकलच्या थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतलं,
फ्लोट दाबून धरला,
आणि सांध्यापासून सुटली
बुडबुड्यांची एक बारीक, न तुटणारी रेघ.

माझे बाबा खारीवाड्यावरचे.
होडीला भोक पडलं तर दर्या आत येतो
हे मी चालायच्या आधी शिकले.
विमानात उलटं, गळती बाहेर जाते,
म्हणून दिवसभर मी बाहेर हात फिरवत होते.
आणि इथं, या मुठीएवढ्या टाकीत,
एक होडी बुडाली होती.
तिनं वर तरंगायचं, सुईला ढकलायचं, दार लावायचं.
ती तळाला बसली. दार उघडं राहिलं.
वाटीभर दर्या रात्रभर सांडत राहिला.

डॉक्टरांचा चौथा फोन अंकलनी घेतला.
"विमान म्हळ्यार बस न्हय, दोतोर,"
म्हणाले आणि ठेवून दिला.

नवा फ्लोट बेळगावहून बुधवारी आला.
ड्रिलचं बूड खाली सरकवून उंची जुळवली,
एकदा जास्त झाली, एकदा कमी,
तिसऱ्यांदा अंकल काही बोलले नाहीत.
पट्ट्या वाकवल्या. तार पिळली.
चावी उघडी ठेवून, खाली वर्तमानपत्र पसरून
घरी गेलो. मला झोप लागली नाही.

गुरुवारी कागद कोरडा.
बांगड्याचा भावसुद्धा वाचता येत होता.
लॉगबुकात मी तेच तीन शब्द लिहिले.
या वेळी लिहायला चार दिवस लागले.

जुना फ्लोट घरी नेला.
बाबांनी तो हातात तोलला,
कानाशी नेला, हलवला,
म्हणाले, अजून आत आहे.