भिंतीवरचे नंबर

द्वारकाकाकीकडे फोन आला
तेव्हा ती अडुसष्टची, मी पाचवीत.
अक्षर तिला एकच यायचं, ‘द्वा’,
मच्छीमार सोसायटीच्या वहीत सहीपुरतं.
आकडे मात्र पक्के.
निवतीच्या बंदरावर चाळीस वर्षं
सुरमईचा हिशेब तोंडी केलेला.

म्हणून फोनच्या वर, चुन्याच्या भिंतीवर,
नंबर मी लिहायचे कोळशाने
आणि नावाच्या जागी चित्र.
कुडाळचा कंपाउंडर : सुई.
मुलुंडची लेक : शिलाई मशीन.
पेद्रू : पाव.
होडीचं इंजिन बघणारा : पाना.
सरपंचाला खुर्ची काढली होती,
तो पडल्यावर म्हणाली,
पाठ पूस गे तिची, स्टूल ऱ्हवांदे.

दुपारी चारला ती भिंतीसमोर बसायची,
कुणाकडे जावं ते ठरवत.
काम नसायचंच.
“काय नाय रे, आवाज आयकूचो होतो.”
आणि मग अर्धा तास
कोणाची गाय व्याली, कोण कोणाशी बोलत नाही,
कोणाच्या सुनेला कुळथाची पिठी जमत नाही.
पोटात काही राहायचं नाही तिच्या.
मेस्त्रींच्या बाबल्याचं ठरत आलेलं लग्न
तिच्याच तोंडाने मोडलं,
मग तीच तीन गावं पायी हिंडली,
दुसरी मुलगी शोधून आणली,
आणि वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचली, पंचाहत्तरीत.

गेली ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी,
घरात मासे न शिजण्याच्या दिवशी.
मांजर तेवढी तिच्यावर रागावलेली.

सदूदादा म्हणाला, कळवूक होयां सगळ्यांका.
तूच वाच ती भिंत, आमका काय समजत नाय.

मी वाचत गेले.
सुई केव्हाच वारली होती.
पाव मस्कतला, मुलाकडे.
पाना रडला, इंजिन चालू ठेवून रडला,
अर्धं ऐकूच आलं नाही.
स्टूल म्हणालं, खांद्याला मी येतंय.

अगदी खाली, तांदळाच्या डब्यामागे,
एक चप्पल.
एकच, डाव्या पायाची.
रेघ माझीच, माणूस आठवेना.

लावला.
निपाणीकडचा सूर, वयस्कर, सावध.
जाळी विकायला आलो होतो, म्हणाला,
वीसेक वर्षं झाली असतील.
भरतीने माझी एक चप्पल नेली.
तुमच्या काकी हसल्या आधी, पोट धरून,
मग यजमानांच्या चपला दिल्या, एक नंबर मोठ्या,
जेवायला घातलं,
नंबर घेतला : पोचलंस की कळय.
मी कळवायला विसरलो.
चौथ्या दिवशी त्यांचाच फोन.
तेव्हापासून दर अमावस्येला,
बोटी किनाऱ्याला असल्या की,
“चप्पल आसा मा रे बरी?”
माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.
बायको गेली तेव्हा मी ह्यांनाच सांगितलं पहिलं,
भावाला नंतर.

या अमावस्येला नाही आला.
दोनदा हातात धरला, ठेवून दिला.
म्हटलं, त्यांनीच करायचा असतो.

मग थोडं थांबून,
तुमच्याकडे मला काय म्हणून लिहिलंय?

सांगितलं.
हसायला लागला. बराच वेळ हसला.
मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही
आणि मी फोन कानाला धरून
तांदळाच्या डब्यावर बसून राहिले.

चैत्रात सदूदादाने घर रंगवलं, हिरवं.
ती भिंत तेवढी सोडली.
कारण विचारलं तर म्हणाला,
डिस्टेंपर सरलो.

माझा नंबर त्यात नाही. चित्रही नाही.
मला ती कुंपणावरून हाक मारायची :
च्या ठेवलंय गे!
पातेल्यात नेहमी एक माणूस जास्त धरून.

चार वाजतात.
पायात चपला सरकवते मी,
आणि कुठे जायचं ते आठवेपर्यंत
दारात उभी राहते.