जिथे असे वाचाल

मोंदेगु नदीपासून तिसऱ्या गल्लीत
एर्मिनियु मास्तरांचा छापखाना.
तिथे मी एकवीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरलं.
बेल्मीरा, मुद्रितशोधक.
पगार खिळे जुळवणाऱ्या पोरांपेक्षा कमी,
चष्म्याचा नंबर सगळ्यांपेक्षा जास्त.

पुस्तक बांधून झालं, गठ्ठे सुतळीने आवळले
की हमखास एखादी चूक दात काढते.
मग चार बोटं रुंदीची चिठ्ठी छापायची.
वर ठळक: एर्राता.
खाली, पाद्रीबाबा मंत्र म्हणतात त्या चालीवर,
जिथे असे वाचाल, तिथे असे वाचावे.
पृष्ठ ४१. जिथे 'बिशपांची गाढव श्रद्धा' वाचाल
तिथे 'गाढ' वाचावे.

शब्द मुळातच अनेकवचनी.
एकच चूक असली तरी आम्ही तोच लावायचो.
मास्तर म्हणायचे, एकटी चूक येत नाही, बाई.
दारामागे दुसरी उभी असते, चपला काढत.

त्या वर्षी लोरव्हाउंच्या चर्चचा इतिहास आला छापायला.
बिशप, घंटा, पूर, पुन्हा बिशप,
आणि एकशे बाराव्या पानावर
गिनीच्या लढाईत मेलेली गावची पोरं.
सात नावं. मी दोनदा तपासली होती.
वेलांटी-उकाराची एकही चूक नव्हती.

पुस्तकं अजून गोदामात होती
तेव्हा एक बाई आली. जेर्त्रूदिश.
बोटांना वाळुंजाचा हिरवा वास,
तिच्या गावच्या बायका दातकोरणी कोरतात दिवसभर.
वाचता येत नव्हतं.
कुणीतरी यादी वाचून दाखवली होती तिला.
"सहावा माझा. फिर्मिनु.
तो मेला असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी हस्तलिखित काढलं. तसंच होतं.
मग तिने पदरच्या रुमालातून
फौजेचं पत्र काढलं, घडीवर झिजलेलं.
मूळ प्रत पडताळणं माझं कामच.
पत्रात होतं: सापडला नाही.
पाद्रीबाबांनी जागा वाचवली होती.

म्हटलं, एर्रातात घालता येईल.
"ते काय असतं?"
सांगितलं, लॅटिन आहे. चुका.
पण अगदी आधी, शाळा-बिळा निघायच्या आधी,
त्याचा अर्थ होता भटकलेल्या.
वाट चुकून भलत्याच जागी जाऊन बसलेल्या गोष्टी.
ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती.
खिशातली अर्धी काडी काढून
नखाने सोलत राहिली. साल माझ्या फरशीवर.
"मग घाला," म्हणाली, "तो त्यातलाच आहे."

मास्तरांनी दार लावून घेतलं.
त्या काळी छापण्याआधी प्रत्येक फर्म्यावरून
सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरायची.
फौजेबद्दल अक्षर बदलायचं म्हणजे पुन्हा तिकडे जाणं.
ते गल्ल्यापर्यंत गेले, परत आले,
म्हणाले, चिठ्ठीचं काय. चिठ्ठी कोण वाचतो.
आणि स्वतःच खिळे जुळवायला बसले,
जे त्यांनी सहा वर्षांत केलं नव्हतं.

पृष्ठ ११२, ओळ ६.
जिथे 'मेला' वाचाल, तिथे 'सापडला नाही' वाचावे.

तीनशे चिठ्ठ्या. खळ लावली नाही,
नुसत्या पानांत सरकवल्या.
मला ठाऊक होतं, पुस्तकातून पहिली हरवते ती चिठ्ठीच.
कुणी खूण म्हणून दुसऱ्या पुस्तकात घालतो,
कुणी मागच्या बाजूला किराणा लिहितो.
हे मी तिला सांगितलं नाही.

ओल्या शाईची पहिली चिठ्ठी तिच्या हातात दिली.
म्हणाली, वाच.
वाचली. पुन्हा वाच म्हणाली, सावकाश.
मी वाचत गेले तसं तिचं बोट
कागदावर डावीकडून उजवीकडे सरकलं,
शेवटाला थांबलं, थोडं दाबून.

ते एक ओळ वर होतं,
बिशपांच्या श्रद्धेवर.
लाल पेन माझ्या कानामागेच होतं.
मी तिला म्हटलं, हो, इथेच.