आल्बोरोतो

सांता रोसाच्या कोर्टात एकवीस वर्षं मी टंकलेखक.
होंडुरासच्या या डोंगरात
हा शब्द माझी बोटं डोळे मिटून लिहितात.
कलमात तो सार्वजनिक असतो,
त्याला दंड असतो, नाहीतर तीस दिवस.

बाहेर तो असा वागत नाही.
शेपूट जरा बदललं की
मुलीच्या न विंचरलेल्या केसांना चालतो,
डिवचलेल्या गांधीलमाश्यांना,
वादळाआधीच्या समुद्राला,
घोडी दिसल्यावर खुंटा उपटणाऱ्या घोड्याला.
लग्नाच्या आदल्या रात्री
माझा भाऊ छातीवर हात ठेवून हाच शब्द म्हणाला होता.
तेव्हा कुणी कलम लावलं नाही.

मंगळवारी ओब्दुलिया पिनेदाला हजर केलं.
वय एकसष्ट. नळाच्या पाण्यासाठीच्या मोर्चात सापडली.
टोपली मुद्देमाल म्हणून जप्त.

हातात काय होतं?
आल्बोरोतो.
न्यायाधीशांनी चष्मा काढला. कशासाठी?
विकायला. आणखी कशासाठी?
चाळीस होते.
तीन तुमच्या शिपायांनी खाल्ले, पैसे दिले नाहीत.

(ज्वारीच्या लाह्या, गुळाच्या पाकात वळलेल्या,
मुठीएवढ्या. आमच्याकडे त्यांचंही नाव हेच.
पोरं जत्रेत याच्यासाठी रडतात.)

मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं,
मग सगळं दालन तडतडायला लागलं.
शांतता! इथे आल्बोरोतो चालणार नाही!
हेही मी लिहिलं.
एका पानावर तीनदा,
प्रत्येक वेळी तीच सात अक्षरं.

सरकारी वकील मात्र हसला नाही.
पहिला दगड कुणाचा, एवढंच सांगा.
ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,
कढई तापली की आधी एकच दाणा उडतो, साहेब.
कुठला, ते चाळीस वर्षांत मला दिसलेलं नाही.
मी खाली लाकूड किती आहे ते बघते.

हे नोंदीत घेऊ नका, असा हुकूम झाला.
घेतलं नाही.
पुढची तारीख पडली.

शुक्रवारी मुद्देमालाच्या कपाटातून
मुंग्या निघाल्या, लाखेच्या शिक्क्यावरून,
जिन्यापर्यंत, परवानगी न घेता.
मी झाडू आणायला उठलो.

यादीत सदतीस आहेत. कपाटात छत्तीस.
माझ्या यंत्राची ‘ओ’ची कळ तेव्हापासून चिकटते.
त्या शब्दात तीन ओ आहेत.