कसंतरीच

मराठी फॉर्म मी केला, गुजराती हेतलनं.
ती लिहिते सुवावड,
आणि त्या शब्दात मला झोप ऐकू येते,
पाय पसरून, दुपारची, कुणी न मोडलेली.
आमच्या बाळंतपणात बाळ आहे,
नीट ऐकलं तर अंतही आहे,
बाई कुठं बसलीय ते दिसत नाही.

प्रश्न बावीस. उत्तरं चारच :
नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.
मॅडमनी बजावलेलं,
समजावून सांगायचं नाही, डोळ्यांनी सुचवायचं नाही,
चहा घेतला तरी चालेल.

दांडिया बाजार, नवापुरा, बाबाजीपुरा.
जिन्याखाली चपला काढायच्या.
आत ओवा-बाळंतशेपेची धुरी,
ताटलीत अळिवाचा लाडू, एकच घास मोडलेला,
कानाला रुमाल बांधलेली ओली बाळंतीण
आणि तिच्याऐवजी उत्तर देणारी सासू :
तिला काय झालंय? मुलगा झालाय.
मी लिहायची, प्रश्न सातवा, कधीच नाही.

मग दूध उतू जायचं, सासू उठायची,
आणि पलंगावरून एक आवाज
जपून खाली उतरायचा.
कसं वाटतं?
कसंतरीच.
म्हणजे उदास?
नाही हो. उदास कळतं मला. हे कसंतरीच.
रडू येतं?
आलं असतं तर बरं झालं असतं.
पाळीच्या आधी व्हायचं असं, चार दिवस,
कावळा शिवला की सुटायचं.
आता कावळाही फिरकत नाही.

कोडबुकात कसंतरीच नव्हतं.
जे कुठंच बसत नाही त्याला नऊ.
नऊ महिन्यांशी त्याचा काही संबंध नाही,
मॅडम म्हणाल्या, पद्धतच आहे तशी.

एकशे चौदा नंबरची राहायची समाकडं,
नदीलगतच्या सोसायटीत, तळमजल्यावर.
बाळ सव्वा महिन्याचं.
भिंतीवर गेल्या पुराची रेघ, खिडकीइतकी उंच,
दोनदा रंग देऊनही वर आलेली.
बावीसच्या बावीस प्रश्नांना ती छान म्हणाली.
मी फाइल मिटत होते तेव्हा म्हणाली,
विश्वामित्री चढली की आमच्या पार्किंगमध्ये मगर येते.
नंबर सगळ्यांना पाठ आहे, पोरांनासुद्धा.
फोन केला की माणसं येतात, दोरी घेऊन,
आधी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकतात,
म्हणजे ती निवते.
कुणी मारत नाही तिला. उचलून नेतात.
मग दुपट्याची घडी सारखी करत,
माझ्याकडं न बघता :
तसा एखादा नंबर असतो का तुमच्याकडं?

होता. फॉर्मच्या पाठीमागं, मुंगीच्या अक्षरात,
दहा ते पाच, रविवार सोडून.
त्यावर मी माझा लिहिला, मोठ्ठा, पेन दाबून.
असं करायचं नसतं.
हेतलला सांगितलं तर ती म्हणाली,
मी तर पहिल्या दिवसापासून लिहितेय.

आकडे बघणारा मुलगा हुशार होता, वडोदऱ्यात नवा.
म्हणाला, नऊ फार आहेत तुमचे,
काढून टाकू, तक्ता स्वच्छ दिसेल.
एकशे सहा बायका.
मी म्हटलं राहू दे.
तो म्हणाला, मग त्यांना नाव काय देऊ?
मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं,
आणि टाइप करताना री दीर्घ की ऱ्हस्व ते.

श्रावणात एका रात्री, पावणेतीनला, फोन.
पलीकडं पंखा, बाळाची किरकिर,
खूप वेळ एवढंच.
मग तिचा आवाज, ओशाळलेला :
मगर नाही आली हो. नुसताच केला.
बरं केलंस, म्हटलं. मी उठून बसले.
पाणी कुठवर आलंय?
तिनं बहुतेक दार उघडून पाहिलं.
पायरीपर्यंत, म्हणाली.
आज पायरीपर्यंतच.